गप्प बसणारी पँट

मागच्या बुद्धिबळ स्पर्धेला पंचबाई सायकलवरून आल्या त्या चिंब भिजून. खुर्चीत बसल्या आणि त्यांच्या पँटमधून निथळलेल्या पाण्याचं खाली तळं झालं. त्या तळ्यावरून एक खेळाडू घसरला, पडता पडता त्याने आधाराला हाताशी आलेला पट धरला, आणि रंगात आलेला डाव पटासकट जमिनीवर आला. मोहरे दालनभर पांगले. त्यातला एक उंट तर अजून सापडलेला नाही.

"बाई," मुख्य पंच म्हणाले, "पुढच्या वेळी भिजून आलात तर दारातूनच परत जा."

आणि पुढची वेळ साधीसुधी नव्हती. आठ वर्षं सहायक पंच म्हणून खुर्च्या झिजवल्यावर पंचबाईंच्या ताब्यात पहिल्यांदाच एकटीच्या जबाबदारीवर अंतिम सामना येणार होता. तक्रारवहीत एक ओळही पडली नाही, तर मुख्य पंच त्यांच्या अर्जावर सही करणार होते आणि त्या पूर्ण पंच होणार होत्या. ओळ पडली, की अर्ज परत फायलीत. पंचांची परीक्षा फार सोपी असते: दिवसभर तुम्ही तिथे आहात हे कुणाला कळता कामा नये.

म्हणून आदल्या दिवशी त्या नणंदेला घेऊन पँट घ्यायला गेल्या. नणंद शहरात बस चालवते, त्यामुळे पाऊस आणि माणसं या दोन्ही गोष्टींची तिला पारख आहे.

"दुसरी पँट पिशवीत ने आणि तिथे बदल की," नणंद म्हणाली.

"कुठे बदलू? सगळ्या दालनाला मिळून एक बाथरूम. अंतिम सामन्याच्या दिवशी खेळाडू सकाळपासून त्यात कडी लावून बसतात. सायकलवर चालेल आणि तशीच खुर्चीत शोभेल अशी एकच पँट हवी."

दुकानदार हौशी होता. दुकानाच्या मधोमध त्याने स्टँडवर एक सायकल ठोकून ठेवली होती, आणि शेजारी झाडांना पाणी घालायची झारी. गिऱ्हाइकाने पँट चढवायची, सायकल मारायची, आणि याने वरून झारी धरायची. एका गिऱ्हाइकाला त्याने एवढं भिजवलं होतं म्हणे, की ते दुकानातच आजारी पडलं आणि बरं होऊन पँट घेऊनच गेलं.

पहिली पँट पिवळीधमक. पाण्याचा थेंब आत गेला नाही, पण पंचबाई दोन पावलं चालल्या तर थिएटरात कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडल्यासारखा आवाज झाला.

"नको," पंचबाई म्हणाल्या. "आमच्याकडे शिंकायलासुद्धा लोक बाहेर जातात."

दुसरी मऊ, मांजरीसारखी मुकी. झारीखाली पाचेक मिनिटं तिने छान तग धरला. पंचबाई सीटवरून उतरल्या आणि वळल्या, तर मागे ताटलीएवढा ओला गोल.

"वहिनी," नणंद म्हणाली, "ही घालून गेलीस तर वजिराकडे कुणी बघणारच नाही."

"सीटवर वजन पडलं की पाणी दाबाने आत घुसतं," दुकानदार मान खाली घालून म्हणाला. मग त्याने आतून तिसरी आणली. काळी, इस्त्री केल्यासारखी. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली, गुडघ्यात पायडल मारायला ऐसपैस, घोट्याशी चेनमध्ये अडकू नये म्हणून बटण. पूर्ण झारी संपली. आतला पाय कोरडा ठणठणीत. चालल्या, वाकल्या, जिना चढल्या. आवाज नाही. मग सहज स्टुलावर बसून त्यांनी एक पाय दुसऱ्यावर टाकला.

सर्रक.

"तेवढंच," दुकानदार घाईने म्हणाला. "पायावर पाय टाकला तरच बोलते. एरवी मुकी."

"मग हीच द्या. मी कुठे पायावर पाय टाकते?"

नणंदेने तोंड उघडलं, वहिनीकडे पाहिलं, आणि मिटलं. "छे," ती म्हणाली. "तू आणि पायावर पाय? भलतंच."

दुसऱ्या दिवशी पाऊस असा पडत होता, की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा बसथांब्यावर रांग लावून उभी होती. पंचबाई दालनात आल्या त्या घोट्यापासून कमरेपर्यंत उन्हात वाळवल्यासारख्या. रेनकोट दाराशी टांगला होता, पँटवरचं पाणीही तिथेच झटकलं होतं. मुख्य पंचांनी त्यांच्या खुर्चीखालची जमीन वाकून पाहिली. कोरडी. त्यांनी मान हलवली, तक्रारवही टेबलावर ठेवली आणि स्वतः लांबच्या खिडकीशी जाऊन बसले.

अंतिम डाव होता निवृत्त पोस्टमास्तर आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. पोस्टमास्तरांचे कान जगावेगळे. पाकीट नुसतं हलवून आत चांगली बातमी आहे की वाईट हे ते सांगत, अशी त्यांची ख्याती. सकाळी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं म्हणून काढायला लावलं होतं. डॉक्टरीणबाई शांत. समोरच्याच्या कपाळावर घाम कधी येतो हे बघायची त्यांना सवय.

पहिला तास सुरळीत गेला. चौदाव्या चालीला डॉक्टरीणबाईंचा हात घोड्याकडे निघाला. पंच झाल्या तरी बाई एकेकाळच्या पट्टीच्या खेळाडू. त्यांना दिसलं: घोडा हलला की मागचा हत्ती उघडा पडणार. अरेरे, हा विचार मनात येतो न येतो तोच—

सर्रक.

डॉक्टरीणबाईंचा हात हवेतच थांबला. या खेळात हात लागला की तो मोहरा चालवावाच लागतो, पण लागला नव्हता. त्यांनी पटाकडे पुन्हा पाहिलं, हात मागे घेतला आणि भलतीच, चांगली चाल केली.

पंचबाईंनी खाली पाहिलं. उजवा पाय डाव्यावर. कधी गेला? त्यांनी तो हळूच उतरवला. योगायोग, त्या मनाशी म्हणाल्या.

एकविसाव्या चालीला पोस्टमास्तरांची बोटं राजापुढच्या प्याद्याकडे गेली. प्यादं सरकलं की राजाचं दार सताड उघडं. सर्रक. बोटं थबकली आणि मागे आली. पोस्टमास्तरांचे कान टवकारले गेले, आणि त्यांची नजर पटावरून उतरून, टेबलाच्या कडेवरून, पंचबाईंच्या गुडघ्यावर येऊन टेकली. मग ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्याही तिथेच बघत होत्या.

पंचबाईंनी पाय झटकन खाली घेतला. तीस वर्षं चुकीची चाल दिसली की आपला पाय असा वर जात असणार, आणि आजवरच्या सुती पँटींनी ते झाकून ठेवलं होतं! नणंदेला ठाऊक होतं. कालचं ते मिटलेलं तोंड त्यांना आत्ता कळलं.

उठून जाता येईना, डाव सोडून पंच हलला की तीच तक्रार. त्यांनी दोन्ही पावलं खुर्चीच्या पायांमागे अडकवली आणि मांड्यांखाली हात दाबून धरले.

मग सुरू झाला भलताच खेळ. पोस्टमास्तरांनी हात उंटावर नेला, न टेकवता तसाच धरला, आणि वाट पाहिली. काही नाही. हत्तीवर नेला. काही नाही. डॉक्टरीणबाईंनी वजिरावर हात धरून चक्क अर्धं मिनिट टेबलाखाली पाहिलं. लांबून मुख्य पंचांना वाटलं, काय हा गहन विचार! प्रेक्षक श्वास रोखून बसले. पटाशेजारची घड्याळं मात्र पळत होती. इकडे पंचबाईंच्या उजव्या पायाला मुंग्या आल्या, मग कळ, मग तो पाय आपला नसून शेजारच्या कुणाचा तरी आहे असं वाटायला लागलं.

पोस्टमास्तरांची दोन मिनिटं उरली. त्यांचा हात वजिराकडे गेला. समोर डॉक्टरीणबाईंचं एक एकटं प्यादं उभं होतं, फुकटचं दिसणारं. पंचबाईंना पुढचं सगळं एका झटक्यात दिसलं: वजिराने ते मारलं की घोडा उडी घेणार, राजाला शह आणि त्याच उडीत वजिरावर डोळा. एवढी ढळढळीत चूक त्यांनी आठ वर्षांत पाहिली नव्हती. पाय उसळला. खुर्चीचा पाय करकचला. पंचबाईंनी दात ओठांत रोवले, डोळे मिटले आणि लहानपणी पाठ केलेला एकोणतीसचा पाढा मनात म्हणायला लागल्या. एकोणतीस सत्ते... एकोणतीस सत्ते...

पोस्टमास्तर ऐकत होते. त्यांचा हात वजिरावर, नजर गुडघ्यावर. तीस सेकंद. वीस. पँट गप्प.

गप्प, म्हणजे बरोबर! त्यांनी झडप घालून प्यादं मारलं.

घोड्याने उडी घेतली.

मुख्य पंच तक्रारवही घेऊन आले. "कुणाला काही नोंदवायचंय?"

"नाही!" दोघेही एकदम म्हणाले. इतक्या घाईने, की मुख्य पंचांनी चष्मा काढून पुसला. पोस्टमास्तरांचा चेहरा डाव हरलेल्या माणसापेक्षा जास्त पडलेला होता. तक्रार लिहायची तर आपण काय ऐकत बसलो होतो तेही लिहावं लागणार.

मुख्य पंचांनी अर्ज उलगडला. पेनाचं टोपण काढलं. पंचबाई त्या टोपणाकडे बघत होत्या. आठ वर्षं.

"थांबा सर," त्या म्हणाल्या. वही ओढून त्यांनी स्वतःच लिहिलं: चौदाव्या आणि एकविसाव्या चालीला पंचाच्या पँटचा आवाज झाला. एकदा एकीचा फायदा झाला, एकदा एकाचा.

मुख्य पंचांनी ते दोनदा वाचलं. "मास्तर, तुम्ही ऐकलंत?"

"मला हल्ली कमी ऐकू येतं," पोस्टमास्तर म्हणाले.

"मी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिवसभर ड्रिल चालवते हो. माझे कान केव्हाच गेले."

"दोघांना एकेक फायदा, म्हणजे निकाल तोच राहील," मुख्य पंच म्हणाले आणि टोपण लावलं. "पण बाई, ओळ ती ओळ. सही होणार नाही." अर्ज घडी करून त्यांनी खिशात ठेवला. फायलीत नाही, खिशात. "पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. हीच पँट घालून या, आणि माझ्या शेजारी बसा. चार डाव. हू का चू झालं नाही तर तिथेच सही करतो."

पंचबाई घरी आल्या, बाहेरून निथळत, आतून कोरड्या. नणंद दारातच उभी होती.

"तुला माहीत होतं!"

"वहिनी, तू भाजी निवडताना दादाने मीठ जास्त घातलं तरी पायावर पाय टाकतेस. काल सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"पट काढ," पंचबाई म्हणाल्या.

"मला कुठे येतं बुद्धिबळ?"

"म्हणूनच."

तेव्हापासून रोज संध्याकाळी बस आगारात लावून नणंद येते आणि पटाशी बसते. घोडा सरळ चालवते, उंटाला विचारते कुठे जातोस, आणि वजीर असा उघड्यावर नेऊन ठेवते की कुणाही जाणत्याला रडू यावं. एवढं चुकणारं माणूस शहरात दुसरं मिळणार नाही. समोर पंचबाई काळी पँट घालून, दोन्ही पावलं जमिनीवर रोवून बसतात.

परवा नणंदेने हत्ती उचलला, हवेत फिरवला आणि टेबलाखाली डोकावली. "वहिनी, ठेवू का इथे?"

पंचबाईंच्या कपाळावर घाम होता. "एकोणतीस सत्ते," त्या पुटपुटल्या, "दोनशे तीन."