पत्रपेटीपर्यंत आणि परत

"पाहणीच्या दिवशी घर आवरू नकोस," कुंपणापलीकडून ग्लेनिस मला म्हणाली होती. "भांडी तशीच राहू देत. बाथरूमला हात लावू नकोस. आणि सासूचे केस तर मुळीच धुऊ नकोस."

मी हसण्यावारी नेलं. ग्लेनिसने आमच्या पोर्ट पिरी गावच्या दवाखान्यात चाळीस वर्षं नर्सचं काम केलेलं, तिला सगळ्याच गोष्टींबद्दल मत होतं. माझ्या कडेवर दहा महिन्यांची विनी होती, तिला दात येत होते, आणि घरातून सासूबाई विचारत होत्या की गप्पा संपल्या असतील तर ओव्हन आतून कोण घासणार आहे.

सासूबाईंचं नाव एनिड. वय एक्क्याऐंशी. एकतीस वर्षं त्यांनी शाळेचं कँटीन चालवलं. गावातल्या पन्नाशीच्या आतल्या बहुतेकांनी त्यांच्या हातची खिमा-बटाट्याची पेस्टी खाल्ली आहे, आणि रांग मोडल्याबद्दल त्यांची बोलणीही. मागच्या हिवाळ्यात त्यांचे हात थरथरायला लागले, मग पाय अडखळायला लागले. मार्चमध्ये त्या दोनदा पडल्या. दुसऱ्यांदा धुण्याच्या खोलीत चार तास फरशीवर होत्या, आणि विचारलं तर म्हणाल्या, "टॉवेलच्या घड्या घालत होते." तेव्हा आम्ही त्यांच्याकडे राहायला आलो. आम्ही म्हणजे मी आणि विनी. माझा नवरा शेन उत्तरेकडच्या खाणीत, दोन आठवडे तिकडे, एक आठवडा इकडे.

विनीच्या पाळण्याशेजारी त्यांच्या हातून उकळती किटली निसटली, त्या दिवसापासून मी तिला त्यांच्याकडे देणं बंद केलं.

"तुझ्या नवऱ्याला याच हातांनी वाढवलंय," त्या म्हणाल्या.

"तेव्हा ते थरथरत नव्हते."

त्यानंतर आमच्यात कामापुरतंच बोलणं उरलं, आणि तेही टोचून.

सासूबाईंनी सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. सासऱ्यांच्या कबरीशेजारची जागा घेतलेली, शवपेटीचे हप्ते फेडलेले, त्या दिवशी आलेल्यांना कोणती सँडविचेस द्यायची तेही लिहून ठेवलेलं. मरणाचा खर्च पुरा भागवला होता. त्याआधीच्या वर्षांचा मात्र धरलाच नव्हता. अंघोळ घालायला बाई ठेवायची तर शेनचा अर्धा पगार तिलाच. वृद्धाश्रमात खोली घ्यायची तर शिरतानाच या घराच्या किमतीएवढी ठेव, आणि ती दर वर्षी वाढत चाललेली. म्हणजे घर विकल्याशिवाय गत्यंतर नाही. उरली सरकारी मदत. ती आठवड्याला किती तास मिळणार, हे पाहणीला येणारी बाई एका सकाळी ठरवणार होती. त्या सकाळसाठी आम्ही सात महिने थांबलो होतो.

त्या दिवशी आमचं पहिल्यांदाच एकमत झालं. त्यांना त्यांची अब्रू होती, मला माझी. सरकारी बाई येणार, घरात रांगतं मूल, फरशी चिकट दिसली तर ती माझ्याबद्दल कुठे काय लिहील, हे माझ्या डोक्यात. मी ओव्हन घासला. केक केला. सासूबाईंचे केस धुऊन वाळवले. त्यांनी स्वतः लिपस्टिक लावली, ती कोपऱ्यात फाकली, ती मी रुमालाने पुसली.

"ते लोखंड शेडमध्ये टाक," त्या म्हणाल्या. लोखंड म्हणजे त्यांचा वॉकर. मी तो गवत कापायच्या यंत्रामागे नेऊन ठेवला.

बाई हसतमुख होती. मांडीवर टॅबलेट.

"अंघोळ स्वतःची स्वतः करता?"

"नाही, अग्निशमन दल बोलावते."

बाई हसली. "आणि स्वयंपाक?"

"तुम्ही खाताय तो केक काय आभाळातून पडला?"

बाईने काहीतरी टिपलं. मला राहवेना. "मार्चमध्ये त्या दोनदा पडल्या," मी म्हणाले. "एकदा चार तास उठता आलं नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "हिला मी जायला हवीय," त्या बाईला म्हणाल्या, पेस्टीचा भाव सांगावा तशा आवाजात. "तीन खोल्यांचं घर आहे. हिने पडदे मोजूनसुद्धा झालेत."

पडदे मी मोजले होते. विनीच्या खोलीत दुपारचं ऊन येतं म्हणून. पण मोजले होते हे खरं. बाईचं बोट थांबलं. तिने चकचकीत सिंककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घराबाहेर साधारण किती चालता, एनिड?"

सासूबाई उठल्या. सतरंजीवरून विनीला उचललं. "चल गं, टपाल आलंय का बघू."

दारापासून पत्रपेटीपर्यंत बावीस पावलं आहेत. मी दारात उभी राहून मोजली. हाक मारली असती तर त्या वळल्या असत्या, आणि वळताना त्यांचा पाय अडकतो. विनी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून हसत होती. सासूबाईंनी पेटी उघडली, रिकामी पेटी नीट बंद केली आणि परत निघाल्या. शेवटच्या चार पावलांना त्यांची टाच उचलली जाईना.

माझ्यापाशी पोचल्या. विनीला माझ्या डाव्या हातात कोंबलं, उजवा दंड धरला आणि सगळा भार त्यावर टाकला.

"हलू नकोस," ओठ न हलवता त्या म्हणाल्या.

मी एक पाऊल मागे घेतलं असतं, तर बाईला जे दिसायला हवं होतं ते दिसलं असतं. मी पाय रोवून उभी राहिले.

"वा, सुनेशी किती गोडी आहे," बाई मागून म्हणाली.

माझ्या दंडावर पाच बोटं आठवडाभर निळी होती.

दीड महिन्याने पत्र आलं. मदतीची सर्वांत खालची पायरी. आठवड्याला एक तास, धूळ पुसायला आणि गवत कापायला. फेरपाहणी हवी तर पुन्हा रांग, वर्षभराची. सासूबाईंनी ते पत्र चुंबकाने फ्रिजवर लावलं. "पास झाले," म्हणाल्या. "तू मला नापास करायला निघाली होतीस."

शेनला खाणीजवळ घर मिळालं तेव्हा आम्ही त्यांना चला म्हणालो. "हिच्या घरात? त्यापेक्षा फरशी बरी," त्या शेनला म्हणाल्या. निघायच्या आदल्या दिवशी मी शेडमधून वॉकर काढून त्यांच्या पलंगाशी ठेवला. गाडी वळवताना पाहिलं, तो रस्त्याकडेला होता, कचऱ्यात द्यायच्या जुन्या गादीवर उभा केलेला.

मी रोज फोन करते. माझा आवाज ऐकला की त्या ठेवून देतात. म्हणजे फोनपर्यंत तरी पोचतात, असं मी धरून चालते. ग्लेनिस मागच्या महिन्यात ॲडलेडला लेकीकडे राहायला गेली. परवापासून फोन नुसता वाजतोय. शेन म्हणतो, आईने वायर काढून ठेवली असेल. तेही शक्य आहे.

तुम्ही पिरीत राहत असाल, शाळेच्या त्या खिडकीतून कधी पेस्टी घेतली असेल, तर एवढं करा. ग्लेनिसच्या रिकाम्या घराशेजारचं, हिरव्या पत्रपेटीचं घर. कशा आहात असं विचारू नका, त्या मस्त म्हणतील. माझ्याबद्दल बोलतील, ते ऐकून घ्या. आधी पत्रपेटी बघा. आत टपाल साठलेलं दिसलं, तर दार वाजवत बसू नका. मागच्या दाराची किल्ली गॅस मीटरच्या डब्यात आहे.