तीन लाकडांचा बाक

भेसळ? ड्वाइट, जिभेला हाड हाय का तुझ्या? पंचांचा म्होरक्या झालास म्हणून काय बी बरळशील? माझ्या पायाचा हिरवा रंग चाकूनं खरवडलास, आत पांढरं लाकूड. बैठक खरवडलीस, आत पिवळं. लगेच चारचौघांत बोंबललास, "हायरमनं गाव फसवलं. उरलेसुरले तुकडे जोडून वर रंग फासला."

आता तू घरी चुलीपाशी पाय शेकत असशील. तरी तुला सुनावतोच. मी बाक बोलतोय, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या ह्या गावच्या सभागृहातला, खिडकीकडनं तिसरा.

मार्चातल्या पहिल्या मंगळवारी सगळं गाव हितं जमतं आन हात वर करून वर्षाचा कारभार ठरवतं. पन्नास वर्षं मी त्यांची बुडं सोसतोय. रस्त्याच्या खडीवर दोन तास भांडत्यात, शाळेचं दहा मिनिटांत उरकत्यात. कोण घोरतं, कोण वारा सोडून शेजाऱ्याकडं डोळे वटारतं, मला सगळं ठावं हाय.

मला घडवला हायरम पटनीनं आन त्याच्या लेकीनं, लेटीनं. ती तवा वीस वर्षांची व्हती. हायरम माणूस खवीस, पण लाकडाची नस त्याला बरोबर घावायची. बैठक पाइनची, कारण मऊ लाकूड बुडाच्या मापानं कोरता येतं. पाय मेपलचे, बारीक असून हटत न्हाईत. पाठीच्या काड्या हिकरीच्या, ते लाकूड वाकतं पण मोडत न्हाई. त्या वाफेतनं काढून लेटीच वाकवायची, हात भाजले तरी सोडायची न्हाई.

पाय चुलीजवळ खडखडीत वाळवले आन बैठक जरा ओली ठेवली. लेटी म्हणाली, "बा, समदं एकदमच वाळवू की."

"येडी का तू? वाळका पाय ओल पिऊन फुगतो, आन बैठक सुकताना त्याला आवळती. मग हत्ती बसला तरी सुटत न्हाई."

"हत्ती न्हाई, पण फार्नहॅमांच्या बाया बसत्यात."

"म्हणूनच म्हणतोय, नीट ठोक."

ड्वाइट, त्या बाया म्हंजे तुझी आजी आन तुझ्या आत्या. एक पाय हालला न्हाई.

चुकला हायरम एकाच जागी. तीन रंगांचा बाक बघून लोक नाकं मुरडतील म्हणून वर हिरवा रंग मारला, आन आत काय हाय ते कुणाला सांगितलं न्हाई. त्यो गेला, गाव इसरलं.

आता ड्वाइट म्हणतो, हायरमचे हे बारा बी बाक जाळा आन एकजात ओकचे घ्या. ते बनवणार कोण, तर त्याचा मेव्हणा. नमुना आणून ठेवलाय दारापाशी. सभा मोडली की जेवणाची टेबलं मांडायची असत्यात, तवा दोन म्हाताऱ्या मला उचलून भिंतीला लावत्यात. त्या ओकच्या धोंड्याला चार गडी लागले. त्यात लाकूड सगळं ओलं. तीन आठवडे स्टोव्हची ऊब लागली, पाय सुकून आकसले आन करकरायला लागले. ड्वाइट त्याच्यावर बसून डुलतो आन म्हणतो, "फरशीच वाकडी हाय."

उद्या मंगळवार. उद्या हात वर व्हणार, आन परवा मी स्टोव्हात.

लेटे, काल त्यानं तुझ्या बाला लबाड म्हटलं तवा तू माझ्याच कडंला बसली व्हतीस. हातमोजे चढवलेस आन गप निघून गेलीस. पन्नास सभा झाल्या, तुझ्या तोंडातनं अक्षर निघालं न्हाई. गावात ह्या लाकडांचं कारण जाणणारी तू एकटी उरलीस. तू बी गप बसलीस तर ड्वाइट म्हणंल तेच खरं ठरंल, माझ्या बाबतीत आन तुझ्या बाच्या बी.

हात वर करून भागायचं न्हाई. ड्वाइट बोलून खाली बसला की तू उठायचं. मला गावाम्होरं उलटा पाडायचा, एकेका माणसाला बोलवून पाय उपटून बघ म्हणायचं, आन कोणतं लाकूड कशापायी घातलं ते मोठ्यांदा सांगायचं. उद्या, सकाळी दहाला. ये आन बोल.