कुलूप तर शाबूत आहे

कुलूप रविकांतनंच कुरिअरनं पाठवलं होतं. सुपारीहून थोडं मोठं, लाल, आकडे फिरवून लावायचं. गुणाबाईनं ते तळहातावर उलटंपालटं केलं, तेव्हा तिला खालच्या अंगाला एक बारीक भोक दिसलं.

"अन् ह्याची किल्ली कुठाय?"

"किल्ली आपल्याकडं नसते, आई," रविकांत फोनवर म्हणाला. "विमानतळवाल्यांकडं असते. त्यांना बॅग तपासायची असली की उघडतात, पुन्हा लावतात."

"आगं बया! कुलूप आपलं अन् किल्ली परक्याकडं?"

रविकांत हसला. त्याच्या मागं सून वर्षाराणी हसली. मायची बॅग भरायला लातूरहून अहमदपूरला आलेली लेक शिल्पाही हसली. सगळी मिळून हसली ती तेवढीच, शेवटची.

गुणाबाई नातीच्या बारशाला गुडगावला निघाली होती. नांदेडहून विमान, मध्ये एकदा बदलायचं. बॅगेत डिंकाचे लाडू होते, खारका होत्या, जुन्या लुगड्याची मऊ दुपटी होती आणि खणाची कुंची. कुंचीच्या पोटात गुंडाळलेली बोरमाळ. लाखेवर सोन्याचा पत्रा चढवलेले टपोरे मणी, गुणाबाईच्या मायच्या गळ्यातून तिच्या गळ्यात आलेले. तिच्या माहेरची रीत अशी, की बोरमाळ लेकीला जायची. पण शिल्पाला दोन्ही पोरंच. "रव्याच्या पोरीला घालू का गं?" असं तिनं विचारलं, तेव्हा शिल्पा जरा वेळ चूल पुसत राहिली. मग म्हणाली, "घाल की. घरातलीच हाय."

गुणाबाई गळ्यातच घालून जाणार होती. रविकांत नको म्हणाला. "तपासणीत यंत्र वाजतं. एकटी आहेस, गोंधळशील. बॅगेत ठेव अन् कुलूप लाव."

शिल्पानं चेनीचे दोन्ही कान जुळवून कुलूप अडकवलं. एसटी नांदेडच्या वाटेला लागली तशी गुणाबाईच्या ओठांवर आपोआप ओवी आली.

बोरमाळ माझी बाई, आत लाख वर सोनं
नातीच्या गं गळ्यासाठी, पाखरावानी माझं जाणं

गुडगावला बॅग पलंगावर ठेवून रविकांतनं आकडे जुळवले. लाडू निघाले. खारका निघाल्या. कुंची निघाली, नीट चौकोनी घडी घातलेली. गुणाबाईनं घडी उलगडली, झटकली, पुन्हा झटकली. मग सगळी दुपटी एकेक करून झटकली. खोलीभर डिंकाचा वास पसरला, बोरमाळ मात्र कुठंच नव्हती.

रविकांतनं कुलूप उजेडात धरलं. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. बॅगेची चेन त्यानं बोटानं तपासली, तीही धड होती.

"कुलूप तर शाबूत आहे, आई."

"मी कुंची गुंडाळली हुती रे. ही घडी माझी न्हाई."

"सामान हलतं विमानात."

"हललं म्हणून घडी पडती व्हय?"

वर्षाराणी बाळाला थोपटत होती. हळू आवाजात सासूला म्हणाली, "आत्या, आठवून बघा. घरीच राहिली असेल. नाहीतर शिल्पाताईंकडं." बोलता बोलता तिचा हात बाळाच्या पाठीवर तसाच चालू राहिला, तालात.

विमान कंपनीचा माणूस फोनवर गोड बोलला. सोनंनाणं त्या बॅगेत ठेवायचंच नसतं, म्हणाला. कुलूप तुटलंय का, चेन फाटलीय का, म्हणाला. रविकांत नाही म्हणाला अन् बोलणं तिथंच संपलं.

मग रविकांतनं शिल्पाला फोन लावला. बाल्कनीचं दार त्यानं ओढून घेतलं होतं, तरी आवाज आत येत होता. "बॅग तूच भरलीस ना? कुलूप तूच लावलंस ना?"

दुसऱ्या दिवशी शिल्पाचा फोन आला, फक्त मायला. "माय, बोरमाळ वैनीच्या गळ्यात घालायची हुती तर घालायची. मी कुठं न्हाई म्हणले? चोरीचं सोंग कशाला केलं? वरून दादा मलाच चोर म्हणून राहिला."

या घरात बोरमाळ लातूरला होती, लातूरच्या घरात ती गुडगावला होती. दोन्हीकडं एकच गोष्ट पक्की होती, की म्हातारी खोटं बोलती. बारशाला गुणाबाईनं पाळणा म्हटला, पण एसटीतली ओवी काही तिच्या तोंडून निघाली नाही. जमलेल्या बायकांत वर्षाराणीनं आल्यागेल्याला सांगितलं, "आत्यांचं वय झालंय आता, विसरतात."

निघायच्या दिवशी बॅग भरून झाली, कुलूप लागलं. गाडी खाली येऊन उभी राहिली आणि मग आठवलं, रक्तदाबाच्या गोळ्या आतच राहिल्या. रविकांतनं आकडे जुळवले. कुलूप उघडेना. लावताना आकडे फिरले असतील, काय झालं कळेना. पुन्हा जुळवले, ओढून पाहिलं, हिसका दिला.

"थांब," तो म्हणाला. शर्टाच्या खिशातला पेन काढून त्यानं चेनीच्या दातांत टोक रुतवलं अन् दाबलं. चेन मटार सोलल्यासारखी उकलली. हात घालून त्यानं गोळ्या काढल्या. मग कुलपासकट चेनीचे दोन्ही कान धरून एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला फिरवले. दातांत दात पुन्हा बसले.

"लातूरला होस्टेलात असंच करायचो," घाईत, हसत तो बोलून गेला. कधी नव्हे ती गावची बोली त्याच्या तोंडात आली होती. "पोरांच्या बॅगेतला चिवडा काढायचा अन् पुन्हा लावून ठिवायची. कुलूप तसंच. कुणाला कळायचंबी न्हाई..."

आणि तो थांबला.

गुणाबाईनं कुलपाकडं पाहिलं. मग लेकाकडं. त्याच्या कपाळावरची शीर लहानपणी ताप चढल्यावर उठायची तशी उठली होती. आता बोलंल, तिला वाटलं. हाक मारून बायकोला बोलवंल. शिल्पाला फोन लावंल.

"उघडली का हो बॅग?" स्वयंपाकघरातून वर्षाराणीनं विचारलं.

रविकांतनं खाली पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "नंबर आठवला."

गुणाबाईनं हात पुढं केला. "तो पेन दे मला."

"कशाला, आई?"

"दे."

त्यानं पेन दिला, एवढ्यावर सुटलो म्हणून चटकन दिला. अन् बॅग उचलून जिना उतरू लागला.

नांदेडहून एसटीनं ती लातूरकडं निघाली. अहमदपूर आलं, तिचं गाव, ती जागची हलली नाही. लातूरला शिल्पानं दार उघडलं, पाण्याचा तांब्या ठेवला, जवळ मात्र बसली नाही. तिची नजर बॅगेवर गेली.

"कुलूप अजून तसंच हाय की गं. शाबूत."

गुणाबाईनं कमरेच्या बटव्यातून पेन काढला. बॅग फरशीवर आडवी केली, चेनीत टोक रुतवलं, दाबलं. मग कुलपासकट कान धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढले. बॅग बंद झाली. कुलूप जिथल्या तिथं लटकत होतं.

शिल्पा मायजवळ येऊन बसली. मायचा हात धरायला तिनं हात पुढं केला, पण तो मध्येच अडला. "माय गं... अन् मी तुला काय काय बोलले." डोळे पुसत तिनं फोन हातात घेतला. "दादाला लावते. आत्ताच्या आत्ता दाखव त्याला. बघू दे, किती सोपं हाय ते."

गुणाबाईनं पेन बटव्यात टाकला आणि नाडी आवळली.

"त्यानंच दाखवलं मला," ती म्हणाली.