आईची नऊ हजार पावलं

मुलांनो, अशी कल्पना करा की तुमची आई तुमच्याच शाळेत शिकवते, आणि ती खोटं बोलतेय असा तुम्हाला संशय आलाय. कोणाला सांगाल? भिंगरीनं कोणालाच सांगितलं नाही. ती गुपचूप पाळतीवर राहिली.

भिंगरीची आई गणित शिकवायची. वय सत्तेचाळीस. तिचा सातवीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर, आणि जिन्यात दोनदा थांबून धापा टाकल्याशिवाय तिला वर पोचता येईना. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "रोज चाला. महिनाअखेरीला एका दमात वर आलात तर सातवी तुमचीच. नाहीतर तळमजल्यावरचा बालवर्ग घ्या." पुढच्या वर्षी भिंगरी सातवीत जाणार होती. आईच्याच हाताखाली शिकायचं, हे तिनं केव्हाचं ठरवून टाकलं होतं.

बाबांनी आईला पावलं मोजणारा पट्टा आणून दिला. तेव्हापासून रोज रात्री जेवताना आई मनगट पुढे करायची.

"बघा, नऊ हजार!"

"वा! आता शर्यतीत नाव घाला," बाबा म्हणायचे.

भिंगरीच्या मनात मात्र पाल चुकचुकली. चालण्यासाठी आणलेले आईचे नवे बूट दाराशीच होते, तळ कोरे करकरीत. आणि जिन्यात आई अजूनही कठड्याला धरून थांबत होती, तेही पूर्वीइतकंच, दोनदा. मग पट्टा चालवतंय कोण? शेजारच्या कुत्र्याच्या गळ्यात तर बांधत नसेल? भिंगरी कुत्र्यालाही निरखून आली. ते बापडं उन्हात घोरत पडलं होतं.

शेवटी एका संध्याकाळी आई वह्या तपासत असताना ती समोर जाऊन बसली.

"आई, तू चालायला नक्की जातेस कधी?"

"वेगळं कशाला जायला हवं? दिवसभर वर्गात पायांवरच असते की मी. पट्टा मोजतोय ना?"

"बूट तर जराही मळले नाहीत."

"वर्गात चपला असतात माझ्या. आणि काय गं, आईची उलटतपासणी घेतेस?" आईचा आवाज चढला. रागारागानं तिनं लाल पेनाच्या खुणा सपासप मारल्या. बरोबर, बरोबर, चूक.

भिंगरीचे डोळे पट्ट्यावर खिळले. आठ हजार एकशे चार. आठ हजार एकशे अकरा. आई तर खुर्चीतून हललीही नव्हती!

"आई, हात थांबव."

हात थांबला. आकडाही थांबला.

"आता तपास."

आकडा पुन्हा पळू लागला.

आई बघतच राहिली. फळ्यावर लिहिणं, डस्टरनं पुसणं, रोजच्या साठ वह्या... "अगं बाई! म्हणजे तीन आठवडे मी फळ्यावरच चालतेय!"

स्वयंपाकघरातून बाबांचं हसू ऐकू आलं. आई हसली नाही. ती कॅलेंडरकडे बघत होती. नऊ दिवस उरले होते.

"मला तुझा संशय आला होता," भिंगरी पुटपुटली.

"मला माझाच यायला हवा होता," आई म्हणाली. "आता नऊ दिवसांत काय होणार?"

 भिंगरीनं आईच्या मनगटावरचा पट्टा सोडवला, नव्या बुटाच्या नाडीत ओवून घट्ट बसवला आणि ते बूट आईच्या पायांशी आणून ठेवले. मग स्वतःचे बूट चढवून ती दार उघडं धरून उभी राहिली.