माझी पाठ फुगत होती

मी एक हँडहेल्ड बोलतोय. म्हणजे हातात धरून खेळायचा गेम. मध्ये काच, दोन्ही अंगांना बटणं आणि पाठीवर काळं झाकण. त्या झाकणाखाली माझी बॅटरी होती. माझी सगळी कर्मकहाणी त्या बॅटरीची आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. निळ्या टोप्या घातलेल्या बायका रांगेनं बसल्या होत्या, आणि मी एकीच्या हातून दुसरीच्या हातात जात पूर्ण होत होतो. बॅटरी बसवणारीनं माझी बॅटरी बोटांत दोनदा फिरवून पाहिली. शेजारणीला म्हणाली, "ही जरा मऊ लागतेय गं."

"वरून पास होऊन आलीय ना? मग आपण कशाला डोकं चालवायचं?"

झाकण बसलं. खट्ट. तो आवाज मी विसरलेलो नाही.

मला विकत घेतलं एका चष्म्याच्या दुकानातल्या कारागिरानं. दिवसभर काचा घासून चौकटीत बसवायचं त्याचं काम. काचेत केसाइतका फरक असला तरी त्याच्या नजरेतून सुटायचा नाही. पण मित्रमंडळी त्याला ओळखायची ती 'बातमीदार' म्हणून. कुठलं कन्सोल कधी येणार, कुठल्या हँडहेल्डची तारीख पुढे गेली, कुठला गेम कुठल्या मशीनवर चालणार, सगळं त्याच्या जिभेच्या टोकावर. दर रविवारी सकाळी तो जेवणाच्या टेबलावर चष्म्याचे तीन डबे एकावर एक रचायचा, त्यांना टेकून फोन उभा करायचा आणि आठवड्याच्या बातम्यांवर बोलायचा.

बोलायचा मात्र झकास. कंपन्यांच्या गोड घोषणांची तो सालं काढायचा. एकदा त्यानं सगळ्यांच्या आधी सांगितलं, की अमुक कन्सोल सहा महिने लांबणार. ते खरंच लांबलं. चारशे माणसं त्याला बघायची, ती हजारांवर गेली. तेव्हापासून मानेत जरा ताठा आला. तसा वाईट माणूस नव्हता हो. मी त्याच्या घरात दीड वर्ष काढलं, मला माहीत आहे.

घरात तिघं होती. तो, बेकरीत पहाटपाळीला जाणारी त्याची बायको, आणि त्याचे वडील, आप्पा. आप्पांनी उभा जन्म बंदरावर क्रेन चालवली होती. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही बरीचशी गेली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एके दिवशी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "हे द्या की यांना. बोटांना याच्यासारखा व्यायाम नाही."

असा मी आप्पांचा झालो.

ठोकळे रचायचा एक साधा गेम होता. पहिल्या दिवशी आप्पांचा अंगठा तीन मिनिटांत थकला. दोन महिन्यांनी ते नववी पायरी पार करत होते. जमलं की ते मला छातीशी धरून सुनेला हाक मारायचे. नीट हाकही नसायची ती, "ए... ए..." एवढंच. ती पिठाचे हात पुसत येऊन बघायची. "आप्पा, क्रेनवर पण असेच ठोकळे रचत होतात का?" आप्पा हसायचे, अर्ध्या तोंडानं. एक अडचण तेवढी राहिली होती. उजव्या हाताची बोटं मिटायला शिकली, पण उघडायला शिकली नव्हती. खेळून झालं, की ते डाव्या हातानं एकेक बोट सोडवायचे आणि मग मला खाली ठेवायचे.

मग ती बातमी आली.

कंपनीनं कळवलं होतं, की ज्या हँडहेल्डच्या पाठीवरचे आकडे सोबतच्या यादीत आहेत ते वापरणं ताबडतोब थांबवा, चार्ज करू नका, परत पाठवा. बॅटरी फुगू शकते. नेमक्या त्याच आठवड्यात कंपनीनं नवं मॉडेलही जाहीर केलं. बातमीदारानं दोन्ही बातम्यांची गाठ मारली.

"मंडळी, कळतंय ना डाव?" रविवारी तो फोनसमोर म्हणाला. "नवं खपवायचं म्हणून जुनं परत मागतायत. कुणीही पाठवू नका. हा बघा माझा, दीड वर्ष झालं, ठणठणीत!" आणि त्यानं माझ्या पाठीवर बोटाच्या पेरानं दोनदा ठकठक केलं.

माझ्या पाठीवरचे आकडे त्यानं वाचलेच नाहीत. ते त्या यादीतले होते.

अकरा हजार लोकांनी ते बघितलं. 'भाऊ, तुम्ही सांगितलंत म्हणून थांबलो, नाहीतर उद्याच पाठवणार होतो,' असं कुणीकुणी लिहिलं. ते तो बायकोला मोठ्यानं वाचून दाखवत होता. मी टेबलावर पडून ऐकत होतो, आणि माझ्या आत काहीतरी हळूच सैल होत होतं.

तीन आठवड्यांनी त्याच्या बायकोनं मला टेबलावर ठेवलं, तर मी डुललो.

"अहो, हे मागून फुगलंय."

"काहीतरीच. तसाच असतो आकार."

"फुगणं काय असतं ते मला सांगू नका. रोज दोनशे पाव फुगवते मी."

ती आत गेल्यावर त्यानं मला उचललं. खिशातली स्टीलची पट्टी माझ्या पाठीवर आडवी धरली आणि डोळा बारीक केला. पट्टीच्या दोन्ही टोकांखालून उजेड आरपार येत होता. मग त्यानं आकडे वाचले. एकदा वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले. त्याच्या तळहाताला सुटलेला घाम मला लागला.

तेवढ्यात फोन वाजला. कुणा बाईंचा निरोप होता. 'आमचा मागून जरासा फुगल्यासारखा वाटतोय. मुली खेळतात त्याच्यावर. चालेल ना?'

त्यानं काहीतरी लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मला वाटलं, आता हा खरं सांगणार. पण खरं सांगायचं, तर अकरा हजारांसमोर बोललेले शब्द गिळायला हवे होते. शेवटी त्यानं लिहिलं, 'काळजी नको. बघतो आणि सांगतो.' आणि स्वतःशीच पुटपुटला, "पुढच्या रविवारी बोलू. जरा बेतानं."

मग त्यानं चिकटपट्टी आणली आणि माझ्या अंगाभोवती दोन वेढे घट्ट आवळले. मला कपाटावर ठेवलं. आप्पांना म्हणाला, "चार दिवस नको खेळायला." बायकोनं विचारलं तेव्हा म्हणाला, "नीट केलंय ते."

पुढचा रविवार आला. तो नव्या कन्सोलच्या किमतीवर बोलला.

आप्पा दोन दिवस कपाटाकडे बोट दाखवत होते. मंगळवारी दुपारी सुनेला राहवलं नाही. नीट केलंय म्हणतायत, मग म्हाताऱ्या माणसाला कशाला तरसवायचं? तिनं मला काढलं, चार्जिंगला लावलं, तासाभरानं आप्पांच्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात गेली.

मी तापू लागलो. आधी कोमट, मग त्याहून जास्त. आतली बॅटरी झाकणाला ढकलत होती, चिकटपट्टी तिला मागे रेटत होती, आणि मी मध्ये.

आप्पा थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. 'गरम' हा शब्द त्यांना जमायचा नाही, 'ग' घशातच अडायचा. ते म्हणाले, "ऊन."

"डोळ्यांवर येतंय का?" सून आतून म्हणाली. "थांबा हं." ती आली, खिडकीचा पडदा ओढला आणि परत गेली.

"ऊन!" आप्पा म्हणाले. "ऊन, ऊन!"

"अहो आप्पा, ओढला ना पडदा आत्ता!"

अंधारलेल्या खोलीत आप्पा डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं सोडवू लागले. करंगळी सुटली. तिच्या शेजारचं सुटलं. मधलं बोट मात्र हलेना. ज्या बोटांना मी महिनोन् महिने धरायला शिकवलं, ती आता मला सोडत नव्हती. माझ्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज निघाला. गोडसर, उग्र वास सुटला. चिकटपट्टी फाटली.

आप्पांनी सगळा जीव एकवटून हात पलंगाच्या कडेवर आपटला. मी सुटलो, जमिनीवर पडलो आणि पेटलो.

सून धावत आली. तिनं आरडाओरडा केला नाही. स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं माझ्यावर पालथं घातलं, आप्पांना काखेत धरून अंथरुणासकट ओढत बाहेरच्या खोलीत नेलं आणि मगच शेजाऱ्यांना हाक मारली.

दवाखान्यातलं मला नंतर कळलं, गॅलरीत त्याच पातेल्यात पडल्या पडल्या. आप्पा वाचले. तळहात भाजला होता. महिनाभर पट्टी, आणि मग बोटांना पहिल्यापासून शिकवायचं. शिकली तर.

नवराबायको गॅलरीत उभी होती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

त्यानं पातेलं पायानं जरा भिंतीकडे सरकवलं.

"नीट केलंय म्हणालात."

"चिकटपट्टी लावली होती," तो म्हणाला. आवाज इतका लहान, की मला कीव आली.

"अकरा हजार घरांत लावलीत तुम्ही ती."

दुसऱ्याच दिवशी त्यानं मला पातेल्यासकट टेबलावर ठेवलं आणि फोन उभा केला. तीनदा सुरुवात केली आणि तीनदा बंद केलं. चौथ्यांदा सगळं सांगितलं. पट्टीखालचा उजेड, वाचलेले आकडे, गप्प राहिल्याचे दिवस, आप्पांचा हात. काही राखून ठेवलं नाही. जुनं बोलणं काढून टाकलं, पण त्याच्या प्रती लोकांनी केव्हाच इकडे तिकडे पाठवल्या होत्या. त्या फिरतच राहिल्या.

हे नवं बोलणं आठवड्याभरात चौदाशे लोकांनी बघितलं. त्यातल्या एकानं खाली लिहिलं, 'कंपनीनं फोडलं वाटतं भाऊंना.' 'चालेल ना' विचारणाऱ्या त्या बाईंना त्यानं सात निरोप पाठवले. एकही वाचलेला दिसत नव्हता.

आता मी जुनी यंत्रं गोळा करणाऱ्या केंद्रात आहे. वाळू भरलेल्या डब्यात, गळ्यापर्यंत. डब्यावर लाल अक्षरांत 'धोका' लिहिलंय. उद्या गाडी येईल आणि मला नेऊन माझे तुकडे करतील. त्याचं मला वाईट वाटत नाही. आप्पांना शेवटचं एकदा बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, एवढंच. पण त्यांनी मला बघावं, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

संध्याकाळी इथला कारकून डबे तपासत होता. त्यानं माझे आकडे यादीशी ताडून पाहिले आणि सोबतच्याला विचारलं, "या यादीतले आत्तापर्यंत किती आले रे?"

"हा धरून सात."

"सातच? आणि बाकीचे?"

"असतील की लोकांच्या घरी," दिवा मालवत दुसरा म्हणाला. "चार्जिंगला."