उजव्या सीटवरचा माणूस

समोरची काच फोडून घार आत आली आणि सँड्राच्या तोंडावर आदळली.

काचा, पिसं, रक्त. वारा असा घुसला की कानावरचा हेडफोन मागे फेकला गेला. डावा डोळा उघडेना. त्यातून गरम काहीतरी गळ्यावर ओघळत होतं. विमानाचं नाक खाली गेलं. खाली विरारच्या इमारती होत्या, एकीला एक चिकटलेल्या.

कंपनीचं हे एका इंजिनाचं छोटं टर्बोप्रॉप विमान सँड्रा एकटीच उडवायची. दिशा, वेग, इंजिन, रेडिओवरचं बोलणं, सगळं तिच्याच डोक्यात आणि हातात. दुसरा पायलट कंपनीने कधी दिलाच नाही. त्याच्या जागेवर, उजव्या सीटवर, आज कंपनीचा श्रीरंग नावाचा अधिकारी हौसेने बसला होता.

त्याच्यापुढेही सुकाणू होतं. जमीन अंगावर येताना पाहून त्याने ते दोन्ही हातांनी धरलं आणि जिवाच्या आकांताने ओढलं. नाक वर उसळलं. वेग पडला, धोक्याचा भोंगा वाजू लागला.

"सोडा! विमान पडेल! सोडा ते!"

तो सोडेना. सँड्राने उजवं कोपर त्याच्या तोंडावर हाणलं. तो किंचाळला, तरी मूठ सुटेना. मग तिने सगळं बळ लावून पुन्हा हाणलं. नाकाचं हाड मोडलेलं तिला कोपरातच कळलं. त्याचे हात गळून पडले.

तिने विमानाचं नाक खाली दाबलं, वेग सावरला आणि विमान कसंबसं जुहूपर्यंत आणलं. तिथली धावपट्टी एका डोळ्याला चित्रासारखी सपाट दिसत होती. किती उंचावर आहोत ते उमगेना. चाकं दणकन आपटली, उसळली, पुन्हा आपटली आणि धरून राहिली.

डोळा गेला. उडणंही गेलं.

पावसाळा सरल्यावर श्रीरंग भुईगावला तिच्या घरी आला. त्याचं नाक वाकडं झालं होतं.

"मॅडम, तुम्ही मारलं नसतं तर मी दोघांनाही मारलं असतं."

"घाबरलात तुम्ही. कोणीही घाबरेल."

"कंपनीने नवीन पायलट घेतलेत. आता दोघं असतात."

"बरं केलं," सँड्रा म्हणाली, आणि चहा ओतायला किटली उचलली. चहा कपाबाहेर, टेबलावर सांडला.

तिची आई क्लारा धावली. "दे गं, मी देते."

"राहू दे, मम्मी."

सँड्राने बोटाने कपाची कड शोधली, किटलीची चोच तिच्यावर टेकवली आणि सावकाश ओतू लागली.