मीठ-मिरीचे पैसे वेगळे

एडना हॅलीवेलने केबिनमधल्या छोट्या फ्रिजातली शेरीची बाटली उलटी करून तिचं बूड पाहिलं, मग झाकण पाहिलं, आणि बाटली होती तिथे ठेवून फ्रिजचं दार गुडघ्याने लोटलं.

"पी की," आरशासमोर कानात डूल अडकवत मॅव्हिस म्हणाली. "तिकिटात आहे."

"किंमत कुठेच लिहिलेली नाही."

"तिकिटात आहे म्हणूनच नाही लिहिलेली. साउदॅम्प्टन सोडल्यापासून हेच सांगतेय. वहिनी नसतीस तर पाण्यात ढकललं असतं तुला."

"ज्याची किंमत लिहिलेली नसते ना मॅव्हिस, तेच सगळ्यात महाग पडतं."

मॅव्हिस तिची नणंद. भाऊ गेल्यावर भावजय घरात कुढत बसते हे तिला बघवेना, म्हणून तिनेच हा नॉर्वेचा प्रवास गळी उतरवला होता. ती अशा जहाजांवर हिंडून मुरलेली होती. एडनाचं आयुष्य मात्र मोरकमच्या किनाऱ्यावर पाहुण्यांची खानावळ चालवण्यात गेलं होतं. त्याआधी तीच खानावळ तिच्या आईची. तिथे अंघोळीच्या गरम पाण्याचे पैसे वेगळे, कुत्रा आणला तर त्याचे वेगळे. जेवणघराच्या भिंतीवर आईच्या हातची पाटी होती, 'मीठ-मिरीचे पैसे वेगळे'. ज्याला जेवणावर मीठ-मिरी भुरभुरायची असेल त्याने पेनी मोजायची. अशा घरात वाढलेल्या बाईला दारू, बक्षिसी, किनाऱ्यावरच्या सहली, झग्याची इस्त्री, सगळं एकाच रकमेत धरलंय असं कुणी सांगितलं तर तिच्या मनात पाल चुकचुकणारच. कुठेतरी पाणी मुरत होतं. बिलाचं विचारायला ती तीनदा खालच्या कचेरीत जाऊन आली होती, आणि तिथली पोरगी तिन्ही वेळा तेवढंच गोड हसली होती. हे हसणंही एडनाला आवडलं नव्हतं.

पलंगावर त्या संध्याकाळचं कार्ड पडलं होतं: सहानंतर पुरुषांनी काळं डिनर जॅकेट, बायकांनी लांब झगा. एडनाकडे लांब झगा एकच होता, बाटलीसारखा हिरवा, पुतण्याच्या लग्नात शिवलेला. तो घालून ती नाचाच्या दालनात गेली आणि भिंतीला पाठ लावून बसली.

खिडकीबाहेर डोंगर सरकत होते. उजेड अजून मावळला नव्हता, आणि जून असूनही माथ्यावर बर्फ होतं. दालनातले जवळजवळ सगळे पुरुष काळ्या जॅकेटात, तारेवर बसलेल्या कावळ्यांसारखे. त्यात एकच पांढरं जॅकेट होतं. ते घालणारा उंच, जरासा वाकलेला म्हातारा थेट त्यांच्याच दिशेने येत होता.

"हा कोण आता?"

"जहाजाचा माणूस," मॅव्हिस ओठ न हलवता म्हणाली. "एकट्या बायकांची नाचायला पंचाईत होऊ नये म्हणून जहाजवाले असे दोनचार म्हातारे ठेवतात. जॅकेटावरून ओळखायचे. मागच्या माझ्या जहाजावर असेच होते. नाहीतर शहाणा माणूस पांढरं घालून नॉर्वेला येईल का? ते गरम समुद्रांवर घालायचं."

"म्हणजे हाही तिकिटात?"

"हाही तिकिटात. ऊठ, पैसे वसूल कर."

म्हातारा पुढ्यात येऊन किंचित झुकला. नाव आयव्हर प्रॉसर, गाव स्वान्सी. त्याचा हात कोरडा आणि उबदार होता, आणि पाऊल कुठे टाकायचं हे तो समोरच्याला न ढकलता सांगायचा.

"तुम्हाला हे रोज करावं लागतं?" एडनाने विचारलं.

"काय?"

"नाचणं."

"लागतं असं नाही. आवडतं मला."

शिकवून ठेवलेलं उत्तर, एडनाने मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो आधी मॅव्हिसबरोबर नाचला, मग काठी घेऊन चालणाऱ्या एका आजींबरोबर, आणि मग एडनाकडे आला. सगळ्यांना सारखं वाटप. तिथवर तिला काही खटकलं नाही. पण नंतर मॅव्हिसची पाळी येईना, आजींचीही येईना. बर्गनला उतरले तेव्हा तो धक्क्यावर एडनाच्या शेजारून चालत होता, आणि पाऊस आला तेव्हा छत्री त्याने तिच्यावर जास्त धरली. त्याचा एक खांदा भिजला.

"तुझ्यावर भाळलाय," मॅव्हिस म्हणाली. "मला तर विसरलाच मेला."

"डोंबल भाळलाय. मी कचेरीत तीनदा जाऊन आले. ही बाई कटकट करते, हिला गप्प ठेवा, असं सांगितलं असणार त्याला."

"तू ना, स्वर्गात गेलीस तरी दारावर विचारशील, न्याहारी धरलीय का म्हणून."

"विचारेनच."

निळ्या कोटातला, छातीवर पितळी बिल्ला लावलेला एकजणही दोनदा तिच्याकडे नाचाचं विचारून गेला होता. तो काहीतरी विकायला आलाय असं समजून तिने त्याला वाटेला लावलं होतं. आयव्हरला वाटेला लावणं मात्र तिला जमत नव्हतं. एकदा नाचताना तिने त्याला आईच्या पाटीची गोष्ट सांगितली, तर तो एवढा हसला की ताल चुकला.

"आणि ज्यांनी पेनी दिली नाही ते?"

"ते अळणी जेवले."

"माझी बायको असती तर घरून पुडी बांधून आणली असती तिने," तो म्हणाला. ती गेल्याला चार वर्षं झाली होती.

एडना त्याची वाट बघायला लागली होती. हिरव्या झग्याला दुपारपासूनच वारा देऊन ठेवायला लागली होती. आणि याचाच तिला संताप येत होता. जे दुसऱ्या कुठल्याही बाईला त्याच तिकिटात मिळालं असतं, त्यासाठी या वयात आपला जीव वर-खाली व्हावा! फुकटचं घेऊन मिंधं राहणं तिला जन्मात जमलं नव्हतं. हिशोब चुकता केला की मनही मोकळं होईल, असं तिने ठरवलं.

शेवटच्या संध्याकाळी, शेवटच्या नाचाआधी, तिने पर्समधून पैसे घातलेलं बंद पाकीट काढून त्याच्या हातात दिलं.

"हे काय?"

"बक्षिसी तिकिटात धरलेली आहे, माहीत आहे मला. हे माझं वेगळं. तुम्ही तुमचं काम फार चांगलं केलंत, मिस्टर प्रॉसर."

"काम," आयव्हर म्हणाला.

त्याने पाकिटाकडे पाहिलं, मग आपल्या पांढऱ्या बाहीकडे, मग दालनभरच्या काळ्या जॅकेटांकडे. त्याच्या मानेवर हळूहळू लाली चढली. कमी तर नाही ना दिले, एडनाला वाटलं. पण त्याने पाकीट नीट घडी करून आतल्या खिशात ठेवलं आणि हात पुढे केला.

"शेवटचा राहिलाय," तो म्हणाला.

तो नाच दोघे शेवटपर्यंत नाचले. मन मोकळं व्हायला हवं होतं, ते झालं नाही.

सकाळी साउदॅम्प्टनला उतरताना जहाजाची माणसं शिडीपाशी निरोपाला ओळीने उभी होती. शेवटी निळ्या कोटातले तिघे होते, छातीवर पितळी बिल्ले. एडनाने वाटेला लावलेला त्यातच होता.

"नाचायला यायलाच तयार नव्हतात तुम्ही," तो हसून म्हणाला. "आमची नेमणूकच त्यासाठी असते, बाई."

एडना थांबली. मागची रांगही थांबली.

"आणि आयव्हर प्रॉसर? पांढऱ्या जॅकेटातले?"

निळ्या कोटवाल्याने शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्याने मान हलवली.

"आमच्यात त्या नावाचं कुणी नाही."

"असं होय," मॅव्हिस पुटपुटली. "माझ्या जहाजावर पांढरंच होतं गं."

सामानाच्या दालनात बॅगा रांगेने मांडलेल्या होत्या. खांबापाशी, आपल्या जुन्या कातडी बॅगेजवळ आयव्हर उभा होता. बॅगेला एडनाच्या बॅगेसारखीच पिवळी चिठ्ठी, त्याच मजल्याच्या प्रवाशांची. हातावर पांढरं जॅकेट घडी करून टाकलेलं होतं. तोंड लपवायला जागा असती तर एडना गेली असती, पण तिची बॅग नेमकी त्याच्याच पायाशी होती.

"तुम्ही सांगितलं का नाहीत?" तिने विचारलं. आवाज तिला हवा होता त्याहून तिखट आला.

"काळं जॅकेट कसरीने खाल्लं. हे मी आरमारात असताना माल्टाला शिवलेलं, तेवढंच अंगाला बसत होतं. लोक बघतात हे कळत होतं, पण का बघतात ते तुम्ही पाकीट दिलंत तेव्हा कळलं."

"मग तेव्हा तरी सांगायचं. पाकीट परत करायचं."

"केलं असतं, तर तुम्ही लाजून केबिनमध्ये गेला असतात." त्याने बॅगेची मूठ चाचपली. "आणि शेवटचा नाच राहिला होता."

एडनाने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. यात तिला कुठे पाणी मुरताना दिसेना, आणि ती सवयीने शोधत होती.

आयव्हरने आतल्या खिशातून ते पाकीट काढलं. अजून उघडलेलं नव्हतं.

"कोपऱ्यावर एक मासे-बटाटेवाला आहे. यात तिघांचं सहज होईल. हे जेवण तिकिटात धरलेलं नाही, आधीच सांगून ठेवतो."

"मी सामानापाशी थांबते," मॅव्हिस घाईने म्हणाली. "मला भूक नाही." सकाळपासून ती भूक भूक करत होती.

एडनाने झग्याची पिशवी नणंदेच्या हातात दिली आणि कोटाची गुंडी लावली. दारात ती थांबली.

"मीठ-मिरीचे मी देईन," ती म्हणाली.